बिनमालकाचा कागद

"आत्या, त्यांच्या हातची एक ओळ शोधून दे. काहीही चालेल. वाण्याची यादीसुद्धा."

सईने हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. सई म्हणजे माझ्या भावाची, सुमंतची मुलगी. पुण्यात पुस्तकांची मुखपृष्ठं करते. आमच्या सांगलीच्या छापखान्यात तेहेतीस वर्षं काम केलेल्या रेवण्णांच्या लिखाणाचं पुस्तक काढायचं तिने मनावर घेतलं होतं आणि मुखपृष्ठावर तिला त्यांचं हस्ताक्षर हवं होतं. मी माळ्यावर चढले. चौसष्टाव्या वर्षी माळ्यावर चढू नये हे मलाही कळतं, पण सांगणार कोण? घरात मी एकटी.

तीन दिवस शोधलं. बाबांच्या ट्रंका, जुन्या फायली, सुतळीने बांधलेले प्रुफांचे गठ्ठे. रेवण्णांचे छापील कागद पुष्कळ मिळाले. हाताने लिहिलेली ओळ सोडा, एक शब्दही मिळाला नाही. शेवटी हजेरीची वही सापडली. तिच्यात दर महिन्याला त्यांची सही होती, पण ती कानडीत.

मी तिथेच बसून राहिले. सत्तावीस वर्षं जो माणूस मराठीत लिहीत होता त्याचं मराठी अक्षर मी कधी पाहिलंच नव्हतं. आणि ते पाहिलं नाही, हे मला आज कळत होतं. माझ्यासारख्या स्वतःला हुशार समजणाऱ्या बाईला!

रेवण्णा आमच्याकडे आले त्र्याहत्तर साली, दुष्काळाच्या मागोमाग. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि मी बारा. जतच्या पलीकडे, सीमेवर कुठेतरी त्यांचं गाव. नाव विचारलं तर हसायचे. "दोन सरकारं एकमेकाकडं बोट दावत्यात, तिथं," असं पुढे मराठी आल्यावर सांगायचे. खांद्यावर घोंगडी, चौथीपर्यंतची कानडी शाळा आणि तोंडात मराठीचा एक शब्द नाही. बाबांना छपाईचं यंत्र पायाने चालवायला माणूस हवा होता. मिरजेच्या बाजारात भाजी घेण्यापुरतं कानडी बाबांना येत होतं. तेवढ्यावर दोघांचं जमलं.

बाबा, म्हणजे चिंतामणराव, नजरेने अधू होत चालले होते. त्यांनी वर्षभरात रेवण्णांना यंत्रावरून उचलून खिळे जुळवायला उभं केलं. आता हे कुणाला सांगावं लागतं, म्हणून सांगते. तेव्हा शिशाचं एकेक अक्षर सुटं असायचं. त्याला खिळा म्हणायचे. केस नावाच्या खणाखणांच्या लाकडी ट्रेत प्रत्येक अक्षराचं वेगळं घर. जुळारी डाव्या हातात लोखंडी पट्टी धरायचा आणि उजव्या हाताने घराघरातून खिळे उचलून तीत ओळ लावायचा. सगळी अक्षरं उलटी, आरशात दिसतात तशी. छापून झालं की मजकूर सोडायचा, म्हणजे एकेक खिळा पुन्हा आपापल्या घरी पोचवायचा. नाही पोचवला तर दुसऱ्या दिवशी काम अडलंच.

रेवण्णा मराठी शिकले ते असे, शिशातून आणि उलटे. आणि दिवस लग्नसराईचे. तीन महिने त्यांच्या हाताखालून फक्त लग्नपत्रिका गेल्या. आमचे येथे श्रीकृपेकरून, आमचे येथे श्रीकृपेकरून. त्यांनी आपल्या मनाशी ठरवलं की सभ्य मराठी माणूस वाक्याची सुरुवात अशीच करतो. एक दिवस कोपऱ्यावरच्या गुंडा नावाच्या चहावाल्याच्या हॉटेलात जाऊन त्यांनी अदबीने सांगितलं, "आमचे येथे श्रीकृपेकरून दोन चहा." गुंडाच्या हातातली किटली हिंदकळली. पुढे गुंडा म्हातारा होऊन हॉटेल बंद करीपर्यंत रेवण्णा दिसले की ओरडायचा, "श्रीकृपेकरून आले रं, दोन चहा सोड!" रेवण्णाही हसायचे. त्यांना राग येतच नसे, त्याचा मला मात्र यायचा.

पाच वर्षं गेली. मी कॉलेजात होते. एके सकाळी बाबांना दगडावर, म्हणजे जिथे जुळवलेला मजकूर ठेवतात तिथे, कुणीच न दिलेलं काम दिसलं.

"हे कुणाचं रे?"

"कुणाचंबी न्हाई."

बाबांनी अगदी जवळ वाकून ते उलटंच वाचलं. मग शाई लावून त्याचं प्रूफ काढलं आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. मला ते अजून पाठ आहे.

'एस.टी. लागते. रांग नसते. सगळे दाराशी घुसतात. तरी शेवटी काठी टेकत आलेल्या म्हातारीला खिडकीची जागा मिळते. ही जागा तिला कोणत्या कायद्याने मिळाली? कोणत्या साहेबाने दिली? कुणीतरी उठलं, एवढंच झालं. जग एवढ्यावर चाललं आहे. बाकीचे नुसते शिट्टी वाजवतात.'

"मूळ कागद कुठाय?" बाबांनी विचारलं.

"न्हाई."

"फाडलास?"

रेवण्णा खाली मान घालून दगड पुसू लागले. बाबांना वाटलं, लाजला असेल. आम्हां सगळ्यांनाच तसं वाटलं आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

तेव्हापासून महिन्याला एक कागद निघू लागला. दुसऱ्यांच्या कामातून उरलेल्या कागदाच्या कापांवर छापायचे, म्हणून आकार दर वेळी वेगळा. कधी वीतभर, कधी लांब पट्टी. नाव नाही, संपादक नाही, अंक क्रमांक नाही. लोकच त्याला बिनमालकाचा कागद म्हणू लागले. बाबांनी एकच हट्ट धरला, तळाशी छापखान्याचं नाव असलंच पाहिजे, कायदा आहे. रेवण्णा म्हणाले, कायदा कशाला? बाबा म्हणाले, "हे बघ, अराजक तू कर. तुरुंगात मला जायचं नाहीये." यावर दोन दिवस अबोला होता. मग तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत आमचं नाव आलं.

रेवण्णा तासगावला राहायचे आणि रोज एस.टी.ने सांगलीला यायचे. तासगावातच त्यांनी बनुबाईंशी लग्न केलं. या बनुबाई एकदम खणखणीत. द्राक्षबागेत आणि पुढे बेदाण्याच्या शेडवर त्यांनी जन्म काढला. रेवण्णा संध्याकाळच्या गाडीत सीटासीटांवर कागद ठेवत जायचे आणि उरलेले बनुबाई शेडवर न्यायच्या. बायका बेदाणा निवडत बसल्या की जिला वाचता येतं ती वाचायची. एकदा त्यांनी छापलं होतं, 'द्राक्षाच्या वेलाला मांडव लागतो हे खरं. पण मांडवाला हळूहळू वाटायला लागतं की द्राक्षं आपल्यालाच लागली आहेत.' चार दिवसांनी एका बड्या बागाईतदाराकडून छापखान्यात द्राक्षांची पेटी आली. वर चिठ्ठी होती, मांडवाकडून. द्राक्षं गोड होती. आम्ही सगळ्यांनी खाल्ली, रेवण्णांनीही.

निवडणुकीच्या दिवसांत एकदा एक हवालदार चौकशीला आला. "संपादक कोण?" रेवण्णा म्हणाले, "संपादक न्हाई. जुळारी हाय." तो बसला, चहा प्याला, चार कागद वाचले आणि जाताना बायकोला दाखवायला म्हणून दोन घेऊन गेला. कॉलेजातले एक प्राध्यापक मात्र फार उत्साहाने आले. म्हणाले, तुम्ही तर अराज्यवादी! या विचाराचे लोक जगभर होऊन गेलेत. रेवण्णांनी जरा घाबरतच विचारलं, "त्याचा अध्यक्ष कोण असतोय?" कुणी नसतो, प्राध्यापक म्हणाले. "वर्गणी?" नसते. "मग चालंल," असं म्हणून रेवण्णा पुन्हा केसकडे वळले.

हा विचार त्यांनी पुस्तकातून घेतलेला नव्हता. त्यांच्या गावच्या विहिरीतून तो आला होता. बहात्तरच्या दुष्काळात दोन्हीकडच्या साहेबांनी, तुम्ही आमच्यात येत नाही, असं सांगितलं. मग गावाने आपली आपण विहीर खणली. नऊ महिने लागले. मुकादम कुणी नव्हता. 'मुकादम नसला तरी पाणी लागतं,' हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं होतं की आमची आई पीठ मळतानाही ते म्हणायची. पण विहिरीची सबंध हकीगत त्यांनी कधी छापली नाही. बाबा मागे लागायचे. रेवण्णा म्हणायचे, "विहिरीचं एकदा जुळवायचं हायच मालक. पर ती घाईची गोष्ट न्हाई." मालक म्हटलं की बाबा चिडायचे. अराज्यवाद्याने मालक म्हणावं, ही रेवण्णांची एकमेव खोडी.

मला ते दिवस आठवतात ना, तेव्हा आधी वास येतो. शाईचा, रॉकेलचा आणि दुपारी बाबांच्या डब्यातल्या लसणीच्या चटणीचा. मग खिळ्यांचा तो आवाज, टिक टिक टिक. रेवण्णा स्वतःचं जुळवत असले की तो आवाज हळू व्हायचा. एक अक्षर, मग थांबणं, मग दुसरं. मी हिशेब तपासत शेजारी बसलेली असायचे आणि मला फार बरं वाटायचं. का, ते तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं, समोर एक माणूस विचार करतो आहे आणि तो मला ऐकू येतो आहे, असं पुन्हा कधी झालं नाही.

दोन हजार तीन साली बाबा गेले. छापखाना माझ्यावर आला. गिऱ्हाइकं तोवर संगणकाकडे वळली होती. पाच साली कृष्णेला मोठा पूर आला आणि नदीकाठच्या गावभागातल्या आमच्या छापखान्यात छातीभर पाणी चढलं. पाणी उतरल्यावर केसेस चिखलाने भरलेल्या. रेवण्णा अंगणात पोतं टाकून बसले आणि रॉकेल आणि दात घासायचा ब्रश घेऊन एकेक खिळा धुऊ लागले. चाळीस दिवस. मी म्हटलं, कशाला जिवाला त्रास करून घेता? ते म्हणाले, "श्वास कोंडला असंल त्येंचा."

आणि पुढच्या वर्षी मी ते सगळे खिळे भंगारात घातले.

सुमंत म्हणाला, विकून टाक. शेजारी म्हणाले, विकून टाक. मलाही सुटायचं होतं, खोटं कशाला बोलू? भंगारवाल्याचा टेम्पो आला. शिसं वितळवायला जाणार होतं. केसेस उचलून टेम्पोत चढवायला रेवण्णांनी हात लावला, दोऱ्या त्यांनीच आवळल्या. मी त्यांचा छोटासा समारंभ केला. शाल, नारळ, कोऱ्या कागदांचं रीम आणि एक भारी शाईचं पेन. वर भाषणही ठोकलं. "रेवण्णा, आता खिळ्यांची कटकट संपली. आता हाताने लिहा, भरपूर लिहा. तेवढी विहीर पुरी करा." त्यांनी पेन दोन्ही हातांनी घेतलं. म्हणाले, "लय भारी हाय, आक्का."

त्यानंतर त्यांनी काहीही लिहिलं नाही. एक वर्ष, पाच वर्षं, अठरा वर्षं. मी फोनवर त्यांना टोचायचे, आळशी झालात, बनुबाईंच्या हातचं खाऊन सुस्तावलात. ते हसायचे. लोकांना मी सांगत असे, रेवण्णा संपले, विझले. हे मी सांगत होते, मी! ज्या बाईने त्यांचा हात विकला तिने. माळ्यावर ती कानडी सह्यांची वही मांडीवर घेऊन बसले तेव्हा हे सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. मूळ कागद नसायचाच. ते केसपुढे उभे राहून थेट शिशात लिहीत होते. मराठी त्यांच्या बोटांना फक्त तिथेच येत होतं.

दुसऱ्या दिवशी तासगावची गाडी धरली. फेब्रुवारी संपत आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेडवर बेदाणा पसरलेला, ट्रॅक्टरची ये-जा. रेवण्णा ओट्यावर बसले होते. वाळले होते फार. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. मी चपला काढायच्या आधीच विचारलं,

"रेवण्णा, तुम्हांला मराठी लिहिता येतं का?"

ते ओट्यावरून उठले. मग आत जाऊन पेन घेऊन आले. तेच पेन, डबीसकट. त्यांनी कागदावर कानडीत एक ओळ झरझर लिहिली. मग मराठीत 'विहीर' लिहायला घेतलं. अक्षरं मोठी, पहिलीतल्या मुलाची. एवढ्या एका शब्दाला मिनिटभर लागलं. पेन खाली ठेवून म्हणाले, "अक्षर काढीन वं कसंतरी. पर वाक्य येत न्हाई. पेन पुढं पळतंय, आन वाक्य मागं ऱ्हातंय. खिळा उचलाय जेवढा येळ लागतोय ना, तेवढ्यात पुढचा शब्द यायचा बघा."

"मग सांगितलं का नाही? मी लिहून घेतलं असतं. तुम्ही बोला, मी लिहिते, आत्ता लिहिते!"

"बोलाय गेलो की नुस्तं बोलणं हुतंय, आक्का. जुळत न्हाई."

बनुबाई चहा घेऊन आल्या. त्यांचं आमच्या बोलण्याकडे लक्ष होतं. "आवं ताई, म्या ह्यास्नी मिरजंला डाक्टरकडं न्हेलं हुतं. रोज तिनीसांजंला त्या भिताडाम्होरं हुबं ऱ्हाऊन उजव्या हाताची बोटं हलवायचं. हितनं उचल, तितनं उचल. म्या म्हटलं, कापरं भरलं. डाक्टर म्हनलं, कंप न्हाई, सवय हाय. कसली सवय, ती मला काय ठावं?"

"कधीपासून?" मी विचारलं.

"छापखाना गेल्यापास्नं."

मी चहा तसाच ठेवला. अठरा वर्षं हा माणूस रिकाम्या भिंतीपुढे उभा राहून विहीर जुळवत होता. मी रडले. बनुबाईंनी पदराने माझं तोंड पुसलं, आणि रेवण्णा ओशाळून ओट्याखालच्या कोंबड्या हाकत राहिले.

तिथून पुढचे तीन आठवडे मी कुणाला सुखाने बसू दिलं नाही. विहीर जुळली पाहिजे, आणि रेवण्णांच्या त्या एका डोळ्यात उजेड आहे तोवर जुळली पाहिजे. मला दुसरं काही सुचत नव्हतं. सांगलीत खिळे नाहीत, मिरजेत नाहीत. कऱ्हाडजवळ मलकापूरला एका छापखान्याचा पत्ता लागला, जाऊन बघते तर तिथे मोबाइलचं दुकान. अखेर कुणीतरी रहिमतपूरचं नाव सांगितलं. तिथे नाथाजी म्हणून एक गृहस्थ फ्लेक्सचे बोर्ड करायचे, पण मागच्या खोलीत त्यांनी वडिलांचं पायाचं यंत्र आणि एका मजकुरापुरते खिळे ठेवले होते. यात्रेची पावतीपुस्तकं अजून त्यावर काढायचे.

मी नेहमीच्या सवयीने पहिलं वाक्य टाकलं, "मला हे विकत द्या."

नाथाजींनी मान हलवली. "इकायचं न्हाई. वापरा की कितीबी. फकस्त खिळं परत जाग्यावर पडलं पायजेत. आमचा आबा म्हणायचा, खिळा घर चुकला की मागनं येणारा उपाशी."

हे मी रेवण्णांना फोनवर सांगितलं, तर पलीकडून आवाज आला. "मानूस शाना दिसतोय."

मिरजेहून रेवण्णा, बनुबाई आणि मी, तिघं रेल्वेने गेलो. नाथाजींच्या मागच्या खोलीत रेवण्णा केसपुढे उभे राहिले, आणि पहिला तासभर काहीच जमेना. नाथाजींच्या वडिलांनी चारदोन घरं आपल्या सोयीने बदललेली होती. रेवण्णांचा हात सवयीने जाई आणि भलताच खिळा घेऊन येई. त्यांनी हात मागे घेतला, डोळे मिटले आणि एकेक घर बोटांनी चाचपत गेले, नव्या गावात आलेला माणूस गल्ल्या बघतो तसे. मग टिक. थांबले. टिक. टिक.

मी खोलीबाहेर पायरीवर बसले. आवाज ऐकू येईल एवढ्याच अंतरावर.

खिळे थोडे होते, म्हणून विहीर दोन भागांत जुळवावी लागली. पहिला भाग तीन दिवसांत झाला. तो छापला आणि नाथाजींनी नि त्यांनी मिळून सोडला. त्याच खिळ्यांतून दुसरा भाग उभा राहिला. त्यांना आठवावं लागत नव्हतं. अठरा वर्षांत सगळं घोटून झालं होतं. पाचव्या दिवशी दुपारी रेवण्णांनी बोटं पुसली आणि नाथाजींनी दुसऱ्या भागाचं पहिलं प्रूफ माझ्या हातात दिलं. मी उभ्याउभ्या वाचलं.

'रोज सकाळी सगळे काठावर बसत. आज खाली कोण उतरणार, माती कोण ओढणार, भाकरी कोण करणार, हे एकमेकांना विचारत. विचारण्यात फार वेळ जाई. एक दिवस मी चिडून म्हणालो, एकाने सांगावं आणि बाकीच्यांनी करावं, म्हणजे लवकर पाणी लागेल. माझी आई म्हणाली, लागेल. पण मग ते सांगणाऱ्याचं पाणी होईल. नऊ महिन्यांत आम्ही दगड फोडला थोडा आणि एकमेकांना विचारलं फार. पाणी लागलं त्या दिवशी ते कुणाचं, असा प्रश्न कुणाला पडला नाही. पुढे मी परमुलखात आलो, दुसऱ्यांची भाषा शिकलो आणि तीत पुष्कळ काही सांगत बसलो. सांगायचं होतं ते एवढंच.'

खाली नाव नव्हतं. मुंगीएवढ्या अक्षरांत नाथाजींच्या छापखान्याचं नाव होतं. ते रेवण्णांनी या वेळी न भांडता घातलं होतं.

मी कागद खाली ठेवला. बनुबाई दारात होत्या. बोलले नसते तर त्या दिवशी माझं काहीतरी फुटलं असतं.

"रेवण्णा, मी खिळे विकले तेव्हा तुम्हांला विचारलं नाही."

मला वाटलं, ते म्हणतील, जाऊ द्या आक्का, छापखाना तुमचाच होता. माझी सगळी माणसं मला असंच म्हणत आली आहेत. ते रॉकेलच्या चिंधीने हात पुसत होते. बरेच पुसले.

"न्हाई इचारलं," ते म्हणाले.

बस, एवढंच. ना राग, ना माफी. मला ते लागलं आणि बरंही वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझी चूक माझ्या हातात दिली होती.

संध्याकाळपर्यंत नाथाजींनी शंभर प्रती काढल्या. मजकूर दगडावर तसाच होता. सईने फोनवर मला बजावलं होतं, आत्या, तो मोडू देऊ नकोस, फोटो काढायचाय, जमलं तर तसाच ठेवून घे. प्रती निघेपर्यंत मी तोच विचार करत होते. त्यांचं खरं हस्ताक्षर हेच, आणि एवढं एकच काय ते उरणार होतं. पण नाथाजींना दिलेला शब्द होता, आणि मागून येणारा होता. रेवण्णा दमून खुर्चीत टेकले होते. त्यांची बोटं आता खरोखरच कापत होती.

मी जवळ गेले. "रेवण्णा, हे सोडायचं आहे. सोडू का मी?"

त्यांनी मान वर केली. पिकलेल्या डोळ्याने की दुसऱ्या, कोण जाणे, माझ्याकडे नीट बघितलं.

"सोडा की," ते म्हणाले. "शेवटापास्नं घ्या."

बारा वर्षांची असल्यापासून मी छापखान्यात वावरले, पण खिळ्याला हात लावायची वेळ माझ्यावर आली नव्हती. मी शेवटची ओळ हातात घेतली. अक्षरं उलटी होती, घरं अनोळखी. पहिला खिळा चिमटीत धरून त्यांच्यासमोर नेला.

"हा कुठे?"

"वरच्या रांगंत, डावीकडनं तिसरं."

टिक.

"आणि हा?"

रात्री उशिरापर्यंत बसून उरलेली विहीर मी एकेक अक्षर करून परत घरी पोचवली. प्रत्येक खिळ्याला विचारलं, हा कुठे. रेवण्णांनी प्रत्येक वेळी सांगितलं.